गुडघ्याचा पाक

माझ्या विषयाचं नाव ग्लायकोसअमिनोग्लायकॅन. नातेवाइकांत हे नाव एका दमात उच्चारलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पण नोकरी पक्की आहे ना?" आहे. जळगावच्या एका कॉलेजात मी बारा वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवते, पीएचडी याच विषयात केली, आणि अवघड गोष्ट सोपी करून सांगण्यात माझा हात धरणारं कॉलेजात कोणी नाही. ही ख्याती बहुतेक मीच पसरवली आहे, पण म्हणून ती खोटी ठरत नाही.

माहेरी धरणगावात मात्र तिचा काही उपयोग नव्हता. माझे वडील जीवराम आचारी. चार एकर कपाशी आहे, पण धुळ्यापासून मुक्ताईनगरापर्यंत लोक त्यांना ओळखतात ते लग्नातल्या बुंदीच्या लाडवांमुळे. चाळीस वर्षांत त्यांचा एकही घाणा बिघडलेला नाही, असं ते स्वतःच सांगतात. ख्याती पसरवण्याचा गुण आमच्या घरात बापाकडून आला आहे, आणि हट्टही तिकडूनच. आम्ही दोघं एका खोलीत दहा मिनिटं बसलो की आई टीव्हीचा आवाज मोठा करते. बारा वर्षांत आबांनी मला एकदाही विचारलं नव्हतं, की पोरी, तू नेमकं शिकवतेस तरी काय. मला याचं वाईट वाटायचं. उघडच सांगते, फार वाईट वाटायचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी जाणारच होते. खानदेशातली लेक आखाजीला माहेरी गेली नाही तर गाव चौकशी करतं. पण यंदा आखाजी रविवारी आणि शुक्रवारीच आईचा फोन, आबांचा उजवा गुडघा सुजून नारळाएवढा झालाय, आणि मंगळवारी धुळ्याला रुपचंदभाऊंच्या नातीचं लग्न. रुपचंदभाऊंच्या घरातलं एकही लग्न आबांच्या बुंदीशिवाय लागलेलं नाही. पंधराशे माणूस जेवायला आणि शब्द दिलेला. मी आबांना तसंच गाडीत घालून जळगावला हितेंद्रकडे आणलं. हितेंद्र म्हणजे अकरावी-बारावीतला माझा वर्गमित्र, आता हाडांचा डॉक्टर.

हितेंद्रनं गुडघा दाबून पाहिला. "काका, गुडघ्यात पाणी झालंय. काढावं लागेल."

सुई घातली, सिरिंजमध्ये पिवळसर पाणी आलं. मग त्यानं सुईच्या टोकातून एक थेंब हळूच खाली सोडला. आम्ही लोक हे बघतो. निरोगी सांध्यातला थेंब सहज पडत नाही, सुईला लोंबकळतो आणि दोन बोटं लांब तार देतो. आबांचा थेंब टपकन पडला. दुसराही टपकन.

इतका वेळ छताकडे बघून दात आवळणारे आबा उठून बसले. "थांबा डाक्टर. माले दखू द्या."

"काका, हात लावू नका त्याला."

"मंग हातमोजा द्या."

हितेंद्रनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्यानं हातमोजा दिला. आबांनी तो चढवला, एक थेंब अंगठ्यावर घेतला, तर्जनी टेकवली आणि दोन्ही बोटं सावकाश उघडली. चाळीस वर्षं कढईपाशी बसून जसं करतात तसंच. तार काही आली नाही.

"कच्चा शे," आबा म्हणाले. "हाऊ पाक व्हयनाच नही."

"अगदी बरोबर, काका," हितेंद्र हसत म्हणाला. "आम्हीही हेच पाहतो."

माझं काय झालं ते आता सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिथून झाला. आबा माझ्याकडे वळले आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या विषयातला प्रश्न विचारला. "ती तार कसानी येस, मोहिनी?"

घरच्यांशी बोलताना माझी जीभ आपोआप अहिराणीवर येते. मी आनंदानं अक्षरशः सुटले. म्हटलं, आबा, तोच माझा विषय! आपलं शरीर दोन जातीच्या साखरा घेतं, एकाआड एक जोडतं, अशा हजारो-हजारो कड्यांची लांबच लांब साखळी करतं. तिचं नाव हायल्युरॉनिक अॅसिड. ती सांध्यातल्या पाण्यात असते म्हणून तार येते आणि गुडघा न घासता वळतो. तिची भावंडं ठिकठिकाणी आहेत. कॉन्ड्रॉइटिन कुर्चेत बसून दणका झेलतं, हेपरिन रक्त गोठू देत नाही. गुडघा सुजला की साखळ्यांचे तुकडे पडतात, मग तार येत नाही.

"गुडघामा साखर?" आबांनी विचारलं.

"साखरनीच साखळी, आबा."

"म्हंजे हाऊ पाकच शे."

इथं मी 'नाही' म्हणायला हवं होतं. किमान 'तसं नाही' तरी. पण समोर माझा बाप चमकत्या डोळ्यांनी बसलेला, माझा विषय त्याला कळलेला, आणि मी सोपं करून सांगणारी बाई. मी म्हणाले, "हा आबा. पाकच शे."

"मंग पहिलेच सांगानं नही का?" आबा म्हणाले आणि हातमोजा उलटा करून काढला.

हितेंद्रनं गोळ्या लिहून दिल्या आणि तीन आठवडे भट्टीपाशी उभं राहायचं नाही असं बजावलं. आबांनी ते ऐकलं नाही. म्हणजे कानांनी ऐकलं.

परतीच्या वाटेवर आबा माझ्याशी इतकं गोड बोलले, की मला वाटलं गोळ्यांचा परिणाम. पाळधीला गाडी थांबवली, उसाचा रस घेतला. आबांनी आपला ग्लास मला दिला. मी तो मायेनं दिलाय असं समजून प्याले.

शनिवारी माझ्या काही लक्षात आलं नाही. रविवारी आखाजी. आखाजीला आमच्याकडे पितरांसाठी नवी घागर पाण्यानं काठोकाठ भरतात, वर खरबूज ठेवतात. उन्हाळ्याचे दिवस, वर गेलेल्यांना तहान लागली असेल म्हणून. आबांनी लंगडत घागर मांडली, आजोबा-पणजोबांची नावं घेत हातानं पाणी सोडलं. त्यांचे स्वतःचे ओठ भेगाळलेले होते. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. मी तांब्या पुढे केला तर त्यांनी तो हातानं बाजूला सारला.

"आबा, पाणी काबर पेतस नही?"

"पाक आटाडी राह्यनू," आबा म्हणाले.

मला दोन क्षण कळलंच नाही. मग कळलं.

"पाक पातळ व्हयना ते काय करतस?" आबा शांतपणे समजावू लागले, मी चौथीत असल्यासारखं. "पाणी आटाडतस. वरथून तांब्या वततस का? डाक्टर म्हने पाणी व्हयनं शे. तू म्हने पाक शे. दोन्ही शिकेल मानसे एकच सांगतस, मंग मी काय येडा शे का?"

या युक्तिवादात मला एकही फट सापडली नाही. चूक एकाच जागी होती, आणि ती माझी होती. मी ती लगेच सांगायला हवी होती. पण चूक कबूल करणं हे आमच्या घराण्यात अजून कोणी केलेलं नाही. मी आवाज चढवला, आबांनी माझ्यापेक्षा चढवला, आणि आईनं टीव्ही मोठा केला.

"शुक्रवारपाईन हाईच चालू शे," आई मला स्वयंपाकघरात ओढत म्हणाली. माझी आई सुगंधाबाई, मुलखाची शांत बाई. "चहा अर्धा कप पेतस. पाणी एक घोट नही."

"मंग तू गप्प बठनी?"

"गप्प कोठे? चव दखाले लावस."

मग मला आईची युक्ती कळली. सकाळी कैरीचं पन्हं, "गूळ कमी पडलाय का पाहा." दुपारी ताक, "मीठ झालंय का." मग वरणाचं पाणी, मग आमरस पातळ करून, मग पुन्हा ताक. दर वेळी वाटी भरून. शनिवारपासून आईनं घरात नऊ वेळा काही ना काही पातळ पदार्थ केला होता. "आचारीले पाणी नको म्हनता येस," आई म्हणाली. "चव नको म्हनता येस नही."

माझ्या पीएचडीपेक्षा ही बाई पुढे होती. पण रविवारी संध्याकाळी आबांना संशय आला. वाटी तोंडाला लावायचं सोडून ते नुसतं बोट बुडवून चव बघू लागले.

सोमवारी सकाळी मी प्रयोग मांडला. वाटीत पाणी घेतलं, दोन चमचे सब्जा टाकला. पंधरा मिनिटांत दाणे फुगले, सगळी वाटी घट्ट, गिळगिळीत झाली. म्हटलं, आबा, बघा. पाणी आटवलं नाही, उलट घातलं, तरी घट्ट झालं की नाही? गुडघ्यातली साखळी अशी आहे. तिच्यावर कडी-कडीला ऋण भार असतो, त्यामुळे ती पाणी ओढून धरून ठेवते आणि पसरते. घट्टपणा पाणी कमी असल्यानं येत नाही, पाणी धरून ठेवणारी साखळी लांब असल्यानं येतो. पाकाचं शास्त्र वेगळं, गुडघ्याचं वेगळं.

आबांनी वाटी हातात घेतली. बराच वेळ बघितली. बोटानं उचलून बघितली. चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं.

"हाई फालुदा शे," ते म्हणाले. "पाक नही." आणि वाटी खाली ठेवली.

तेवढ्यात खुद्द रुपचंदभाऊ आले. लग्न उद्यावर, सामानाची शेवटची यादी बोलायला धुळ्याहून मोटारसायकलवर आले होते. सत्तरीचा माणूस, घामानं निथळत होता. आई पाणी घेऊन आली तर म्हणाले, "नको अक्का." मग माझ्याकडे वळून अगदी शिष्यासारखे अदबीनं विचारते झाले, "मोहिनीबाई, चहा चालस का? नुसता अर्धा?"

"तुम्हले काय व्हयनं?"

"मन्हा बी गुडघा दुखस. जीवरामनी सांगं, पाणी तोडा. म्हने हाऊ मन्ही पोरना विषय शे, डाक्टर बी इतला शिकेल नही."

आबांनी हे कुणाकुणाला सांगितलं ते हळूहळू बाहेर पडलं. पारावर सांगितलं. एरंडोलच्या किराणावाल्याला सांगितलं. सोनगीरच्या मंडपवाल्याला फोनवर सांगितलं. चार गावांत गुडघे धरून बसलेली म्हातारी माणसं भर उन्हाळ्यात माझ्या शब्दावर तहानलेली होती. मला त्यात फक्त धोका दिसला. दुसरं काहीच दिसलं नाही, इतकी मी घाबरले होते.

हितेंद्रला फोन केला. तो आधी हसला, मग हसायचा थांबला. "तू काय सांगितलंस त्यांना?"

"सोपं करून सांगितलं."

"लघवीला किती वेळा जातात?"

आईला विचारलं. आई म्हणाली, दिवसातून एकदा, तीही गडद.

"मोहिनी, ऐक. ते उद्या भट्टीपाशी बसले तर किडनीवर येईल. आणि चक्कर आली तर पडतील कुठे? उकळत्या पाकात. आज रात्रीच्या आत त्यांच्या पोटात दोन लिटर पाणी गेलं पाहिजे, नाहीतर इकडे आण, सलाइन लावतो."

आबा जळगावला यायला तयार झाले नाहीत. म्हणाले, सलाइन म्हणजे काय, पाणीच ना? त्यांचं इथलं ज्ञान दुर्दैवानं अचूक होतं. संध्याकाळी मी हात जोडले, आईनं शपथ घातली. त्यांनी एक गोळी गिळली तीही थुंकीवर.

मंगळवारी पहाटे भांड्यांचा टेम्पो निघाला. पुढे ड्रायव्हरशेजारी आबा, मागं कढया, झारे, परातींच्या मध्ये मी, मांडीवर पाण्याचा जार. मी सुट्टी वाढवली होती. कॉलेजला कारण कळवलं, 'वडिलांची प्रकृती.' खरं कारण लिहिलं असतं तर वाढवून मिळाली नसती.

धुळ्याच्या बाहेर, साक्री रोडला मंगल कार्यालय. मागच्या अंगणात पत्र्याची शेड, तिथं तीन भट्ट्या. नऊ वाजताच पत्रा तापून वरून आग ओतत होता. एका भट्टीवर वरणाचं पातेलं, एकीवर बट्ट्या तळायचं तेल, आणि मधल्या मोठ्या भट्टीवर आबांचा पाक. आबांची जुनी माणसं कामाला होती, आठ-दहा बाया-पुरुष, आणि त्यांची म्होरकी तानुबाई, जी वीस वर्षं आबांच्या हाताखाली बुंदी पाडते.

आबा स्टुलावर बसले, दुखरा पाय पुढे लांब करून, हातात झारा. त्यांना घाम येत नव्हता. एवढ्या उष्णतेत माणूस कोरडा. जीभ टाळूला चिकटल्यासारखं बोलत होते.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. आता घराणं-बिराणं काही राहिलं नव्हतं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आबा, मी चुकनी. मन्हं चुकनं. गुडघामा पाक नही. पाणी पी ल्या."

शेडमध्ये सगळ्यांचे हात थांबले. तानुबाईचा झारा हवेतच राहिला. जीवराम आचाऱ्याची शिकलेली पोर आपण चुकलो म्हणतेय हे ऐकायला वाढप्यांतले दोघं आत डोकावले.

आबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. लोकांकडे बघून म्हणाले, "मन्ही पोर चुकाव नही. बारा वरीस तेच शिकेल शे ती. बाप उनमा बठेल शे म्हनीसन तिना जीव कसानुसा व्हई राह्यना, म्हनीसन असं बोली राह्यनी. चला, कामले लागा."

लोक कामाला लागले. मी तांब्या त्यांच्या तोंडाशी नेला, त्यांनी तो असा झटकला की पाणी माझ्या साडीवर. मला रडूही येत होतं आणि तोच तांब्या त्यांच्या डोक्यात घालावासाही वाटत होता.

आणि मग ती गोष्ट झाली. आबांनी झाऱ्यावरून पाकाचा थेंब घेतला, बोटं उघडली. एकाऐवजी तीन तारा निघाल्या, जाड, आणि तुटल्या तिथं पांढुरक्या झाल्या. आबा बोटांकडे बघत राहिले. कढईच्या कडेला साखर बसायला लागली होती. एकतारीवर उतरवायचा पाक चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या नजरेखालून निघून गेला होता. त्यांची नजरच जागेवर नव्हती.

"भाऊ, पाक पुढे गया," तानुबाई अगदी हळू म्हणाली.

"पाणी मार," आबा म्हणाले.

तानुबाईनं अर्धा तांब्या पाणी कढईच्या कडेनं फिरवून मारलं. पाक चुरचुरला, फेसाळला, कडेची साखर विरघळली आणि सगळं पुन्हा सैल, चकचकीत झालं. आबा उठायला गेले. उठता उठता डावीकडे कलंडले, कढईच्या बाजूला. मी दोन्ही हातांनी त्यांचा सदरा धरला आणि मागं ओढलं. आम्ही दोघं साखरेच्या गोणीवर आदळलो. झारा खणखणत लांब गेला.

गोणीवर पडल्या पडल्याच मला दिसलं काय करायचं ते. कबुली ऐकायला हा माणूस तयार नव्हता. मग मी जीवराम आचाऱ्याची पोर झाले आणि त्यांच्याच आवाजात ओरडले, "आबा! आज कितला रोज व्हयनात?"

"कसाले?"

"पाणी तोडाले! मी काय सांगेल व्हतं? चारच रोज सांगेल व्हतं! आज पाचवा शे. तुमना पाक पुढे गया!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आता मी त्यांच्या शास्त्रात बोलत होते.

"पुढे गया?" आबांनी विचारलं.

"तार बसनी, आनी पुढे गया. आते पाणी नही मारं ते गुडघामा साखर बसी. खडा व्हई जाई!"

माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत मी इतकं धडधडीत खोटं शिकवलं नव्हतं. पाणी फार कमी पडलं की युरिक अॅसिडचे खडे सांध्यात बसू शकतात, एवढा एक धागा खरा, पण त्याचा आणि पाकाचा संबंध परीक्षेत कोणी लिहिला असता तर मी शून्य दिलं असतं.

तानुबाईनं गंभीरपणे मान हलवली. "साखर बसनी ते मंग निंघत नही, भाऊ. पाणी मारनंच पडी."

बट्ट्या वळणाऱ्या बायकाही म्हणाल्या, मारनंच पडी. वाढपीही म्हणाले. पाक पुढे गेला की पाणी मारायचं, यावर शेडमध्ये दुमत नव्हतं.

"कितलं मारू?" आबांनी मला विचारलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

"दोन तांब्या. हळूहळू."

"एकदम वतना नही," तानुबाईनं भर घातली. "कडेकडेथून."

मी जारमधल्या पाण्यात मीठ-साखर घातली. आबांनी पहिला घोट घेतला, तोंडात धरला, डोळे मिटले आणि गिळला. दुसरा तांब्या त्यांनी कडेकडेनं वगैरे काही न करता घटाघटा रिकामा केला. मांडवातून रुपचंदभाऊ आरडाओरडा ऐकून धावत आले होते, नवा फेटा, नवं उपरणं, सुकलेला चेहरा. त्यांना तानुबाईनं प्रकरण समजावून सांगितलं. ते माझ्याकडे वळून आशेनं म्हणाले, "मोहिनीबाई, मन्हा बी पुढे गया व्हई का?"

"तुमना ते कालदिनच गया, भाऊ."

त्या माणसानं नातीच्या लग्नात जो आनंद व्यक्त केला नव्हता तो तिथं केला. अर्धा जार त्यांनी एकट्यानं संपवला आणि सोनगीरच्या मंडपवाल्याला फोन लावत बाहेर गेले.

बुंदी तानुबाईनं पाडली. आबांना मी कूलरसमोर गोणीवर बसवलं, पाय खुर्चीवर. अर्ध्या-अर्ध्या तासाला तांब्या. तास-दीड तासानं त्यांच्या कपाळावर घाम आला. मी आयुष्यात कुणाचा घाम बघून इतकी खूश झाले नाही. बाहेर मंगलाष्टकं चालू झाली, शेडमधले सगळे अक्षता टाकायला पळाले, आणि आम्ही दोघंच राहिलो.

आबांनी इकडंतिकडं बघितलं. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "चुकनीच व्हती ना तू?"

"हा," मी म्हणाले.

"माले सब्जा दखाडा तवयच समजनं व्हतं."

"तवय समजनं? मंग पेवानं नही का पाणी? आबा, मरी जाता तुम्ही!"

"कसा पेतू?" आबा माझ्यावरच चिडले. "चार गावमा सांगी बठेल व्हतू. बारा वरीस लोके माले इचारतस, तुन्ही पोर काय शिकाडस. माले सांगताच ये नही. पहिलांदा सांगता उनं. आनी दुसरा रोजले जाईसन सांगू का, ती चुकनी म्हनीसन?"

म्हणजे हा माणूस काल सकाळपासून, सगळं समजून, माझी अब्रू राखण्यासाठी तहानेनं मरायला निघाला होता. मला रडू फुटलं. हुंदके देऊन रडले, चाळिशीच्या बाईला शोभणार नाही असं.

"रडू नको आठे," आबा म्हणाले. "लोके येतीन आते. आनी कोनले सांगू नको."

अक्षता टाकून माणसं खरंच परतायला लागली होती. मी पदरानं तोंड पुसलं, तांब्या भरला आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आबा, आनखी एक. मी सांगी राह्यनी ना!"

"हा बेटा," आबाही तितक्याच मोठ्यानं म्हणाले, आणि मुकाट्यानं प्याले.